पक्का रंग

हस्तकलांच्या प्रदर्शनात एक प्रसंग वारंवार घडताना दिसतो. अजरखची ओढणी हातात घेऊन गिऱ्हाईक किंमत विचारते, आकडा ऐकून भुवया उंचावते आणि म्हणते, "अहो, अगदी असलीच ओढणी बाहेर रस्त्यावर याच्या चौथ्या हिश्शात मिळते." विक्रेता कसनुसा हसतो. त्याला सांगायचे पुष्कळ असते. पण मागे गर्दी उभी असते, गिऱ्हाइकाला घाई असते आणि जे सांगायचे ते दोन वाक्यांत मावणारे नसते. शेवटी तो पन्नास-शंभर रुपये उतरवतो. गिऱ्हाइकाला घासाघीस जमल्याचे समाधान मिळते, विक्रेत्याला माल खपल्याचे. आणि ओढणी मात्र आपली हकीकत न सांगताच पिशवीत जाते.

या संभाषणात भांडणाचे मूळ असेल तर ते 'असलीच' या एका शब्दात आहे. रस्त्यावरची ओढणी खरोखरच असलीच असते काय?

अजरख हे कच्छ आणि सिंध या भागांतले ठशांनी छापलेले कापड. गडद निळा, मंजिष्ठेचा लाल, काळा आणि मधूनमधून राखलेला पांढरा, असे त्याचे रंग. आज कच्छमध्ये हे काम करणाऱ्या खत्री कुटुंबांचे पूर्वज सुमारे चारशे वर्षांपूर्वी सिंधमधून आले आणि धमडका या गावी सारण नदीच्या काठी वसले. नदीच्या काठी वसले यात योगायोग काही नाही. या धंद्याला कापडाइतकेच पाणी लागते.

कोरे कापड आधी धुऊन घेतात. मग एरंडेल, पापडखार आणि उंटाची लेंडी यांच्या मिश्रणात ते पुनःपुन्हा भिजवतात, मुरवतात आणि उन्हात वाळवतात. कापडाचा खळ आणि मेण पुरते निघून गेल्याशिवाय धाग्यात रंग शिरत नाही. त्यानंतर हिरड्याच्या पाण्यात कापड बुडवले की ते पिवळसर होते. आता ठसे हाती येतात. चुना आणि डिंक यांच्या लगद्याने जी रेघ छापली जाते ती पुढे पांढरी राहते. काळ्या रंगासाठी भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबत ठेवलेले असते; चिंचोक्याच्या पिठाने ते दाट करून छापतात. लाल जिथे यायचा तिथे तुरटी छापतात, आणि त्या जागी नीळ शिरू नये म्हणून चिकणमाती, तुरटी व डिंक यांचा थर देऊन वर लाकडाचा भुसा भुरभुरतात. मग कापड निळीच्या हौदात जाते. हौदातून वर काढताना ते हिरवट-पिवळे दिसते. हवा लागताच पाहता पाहता निळे होते. पुन्हा धुणे, पुन्हा वाळवणे. शेवटी मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात ते टाकले म्हणजे तुरटीने छापलेली प्रत्येक जागा लाल होऊन उठते. लाल डागाळू नये म्हणून त्या पाण्यात धायटीची फुले घालण्याचीही रीत आहे. अशा चौदा-सोळा पायऱ्या, आणि मध्ये पावसाचे ढग आले नाहीत तर दोन-तीन आठवड्यांचा काळ. कापड दोन्ही बाजूंनी छापायचे असेल तर उलट्या बाजूची रेघ सुलट्या बाजूच्या रेघेवर नेमकी बसली पाहिजे. ती बसवणाऱ्या माणसासमोर पट्टी नसते, आखणीही नसते. असतो तो केवळ हाताचा अंदाज.

या कृतीकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की यात रंग असा थेट लावला जातच नाही. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड यांची गाठ पडली की काळा रंग जन्मतो. महाराष्ट्रात जुन्या पोथ्या लिहिण्यासाठी हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत, ती याच न्यायाने. तुरटी आणि मंजिष्ठ यांचे लग्न लागले की लाल. म्हणजे रंगारी जे छापतो ते डोळ्यांना दिसत नाही आणि जे अखेरीस दिसते ते त्याने छापलेले नसते. आठ पायऱ्यांनंतर काय उमटेल हे पहिल्या पायरीवर ठाऊक असावे लागते. याला रसायनशास्त्र म्हणायला हरकत नसावी. परंतु हे ज्ञान बापाच्या हाताखाली मिळवले तर ती 'परंपरा' ठरते आणि पुस्तकातून मिळवले तरच ते 'शिक्षण' होते, अशी एक विचित्र विभागणी समाजाने करून ठेवली आहे. शिरगणतीच्या कागदावर असा कारागीर कित्येकदा 'अल्पशिक्षित' म्हणून नोंदला जातो. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने २००३ मध्ये अजरखचे कारागीर इस्माईल मोहम्मद खत्री यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ही घटना अभिमानाची खरीच; तथापि तिच्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, हेही विसरता येत नाही.

मराठी भाषेनेही या ज्ञानाची आठवण आपल्या परीने जपली आहे. निळा हा शब्द नीळ या झाडाच्या नावाशी जोडलेला आहे. कुसुंबी रंग करडईच्या फुलांचा, डाळिंबी डाळिंबाचा, लाखी लाखेचा, पतंगी हा पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा. विदर्भात आणि मध्य भारतात आल म्हणजे बारतोंडीच्या मुळांपासून लाल रंग काढीत आणि त्यासाठी या झाडाची मुद्दाम लागवड होत असे. ओडिशातील कोटपाडचे विणकर आजही याच मुळांच्या रंगात सूत रंगवतात. भावसार समाजाचा पिढीजात धंदा रंगाईचा आणि छपाईचा. अनेक भावसार कुटुंबांत आज त्या धंद्याची खूण म्हणून 'रंगारी' हे आडनावच तेवढे उरले आहे. कोकणात पावसाळा सुरू झाला की टाकळ्याची भाजी होते. त्याच टाकळ्याचे बी दक्षिणेतले रंगारी निळीचा हौद आंबवण्यासाठी वापरीत आले, हे भाजी निवडणाऱ्या घरात फारसे कोणाला ठाऊक नसते. शब्द राहिले, त्यांच्यामागची झाडे विस्मरणात गेली.

ती का गेली, याचे उत्तर लंडनमध्ये १८५६ साली सापडते. विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरातील द्रव्यांपासून हिवतापावरचे औषध बनवू पाहत होता. हाती लागला जांभळा रंग. पुढच्या बारा-तेरा वर्षांत जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले आणि १८९७ मध्ये कारखान्यातील नीळ बाजारात आली. हे रंग स्वस्त होते, हवे तेव्हा मिळणारे होते आणि प्रत्येक वेळी तोच रंग देणारे होते. ज्या कामाला पंधरा दिवस लागत ते दोन दिवसांत होऊ लागले. कारागिरांनी ते स्वीकारले यात त्यांचा दोष काढणे म्हणजे शहाणपणाचे ढोंग ठरेल. पोट हातावर असलेल्या माणसाने सोपी वाट का नाकारावी? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धमडक्यातही मंजिष्ठेची जागा डब्यातील रंगांनी घेतली होती.

कृत्रिम रंगांची दुसरी बाजू पुढे आली ती नद्यांच्या रूपाने. राजस्थानातील पालीजवळची बांडी, गुजरातेतील जेतपूरची भादर, तमिळनाडूतील तिरुप्पूरची नोय्यल या नद्यांचे पाणी रंगाईच्या सांडपाण्याने निकामी झाले. तिरुप्पूर येथील रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाला २०११ मध्ये द्यावा लागला. काही अझो रंगांतून कर्करोगकारक द्रव्ये बाहेर पडतात हे सिद्ध झाल्यावर जर्मनीने १९९४ मध्ये त्यांवर निर्बंध आणले. भारतानेही १९९७ पर्यंत अशा शंभराहून अधिक रंगांवर बंदी घातली. तेव्हापासून 'नैसर्गिक रंग' या शब्दांना बाजारात नवे तेज आले.

पण येथेच जरा थांबायला हवे. कारण 'नैसर्गिक' म्हणजे आपोआप निर्मळ, ही समजूत जितकी सुखद तितकीच भोळी आहे.

नीळ झाडाचीच होती, म्हणून ती पिकवणारा सुखी होता काय? बंगालमध्ये १८५९-६० साली निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध शेतकरी उठले ते याच झाडाच्या पायी. दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे नाटक त्या जुलमातून १८६० मध्ये जन्मले. चंपारणमध्ये वीस कट्ठ्यांपैकी तीन कट्ठे जमिनीत नीळ लावण्याची सक्ती होती. कारखान्यातील नीळ आल्यावर झाडाची नीळ पडली, तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी आपले नुकसान खंड वाढवून त्याच शेतकऱ्यांच्या माथी मारले. १९१७ मध्ये महात्मा गांधी तिथे गेले ते या पार्श्वभूमीवर. त्या काळी युरोपात विकल्या गेलेल्या निळ्या कापडाचा रंग पूर्णपणे नैसर्गिक होता. त्यात अन्यायही तितकाच मिसळलेला होता, आणि तो धुऊन जाणारा नव्हता.

आजच्या नैसर्गिक रंगाईतही प्रश्न आहेतच. रंग धरावा म्हणून काही ठिकाणी मोरचूद किंवा क्रोमची लवणे वापरतात. ती पाण्यात गेली की झाडाच्या सालीचे पुण्य फारसे उपयोगी पडत नाही. रंगाचे पाणी उकळायला लाकूड जळते. कापड धुवायला पाणी लागते आणि कच्छसारख्या कोरड्या मुलखात पाणी ही सर्वांत महाग वस्तू आहे. शिवाय देशातील सगळे कापड झाडांच्या रंगात रंगवायचे म्हटले तर त्या झाडांसाठी जमीन आणायची कोठून? अन्नाच्या शेतातून? नैसर्गिक रंग हा सर्व वस्त्रोद्योगाचा उद्धार करील असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. दुसरे असे की मंजिष्ठेच्या मुळातील लाल द्रव्य आणि कारखान्यातील लाल द्रव्य रासायनिक दृष्ट्या एकच असते; निळीचेही तसेच. अनेक अजरख कारागीर हिरडा, लोखंड आणि तुरटी जुन्या रीतीने वापरतात, पण लाल किंवा निळा रंग मात्र कारखान्याचा घेतात. त्यांना लबाड म्हणायचे कारण नाही. लबाडी तेव्हा होते, जेव्हा ते कापड 'शंभर टक्के वनस्पतींचा रंग' या चिठ्ठीसह विकले जाते. नुसत्या डोळ्यांनी हा फरक ओळखता येत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीचा फायदा मधला व्यापारी घेतो.

मग हाताने छापलेल्या आणि झाडांच्या रंगांत रंगवलेल्या कापडाची बाजू घ्यायची ती कशासाठी? धमडक्याची पुढची हकीकत याचे उत्तर देण्यास पुरेशी आहे.

१९७० च्या दशकात गुजरातच्या हस्तकला विकास महामंडळाने जुन्या रंगांच्या कापडाला पुन्हा मागणी मिळवून देण्याचा प्रयत्न सुरू केला. तोवर ते रंग करण्याची कृती ज्यांना आठवत होती अशी माणसे फार थोडी उरली होती. मोहम्मद सिद्दीक खत्री हे त्यांपैकी एक. त्यांनी स्मरणातून आणि प्रयोगांतून ती विद्या पुन्हा उभी केली, आणि मुख्य म्हणजे आपल्या मुलांना शिकवली. आणखी एक पिढी उलटली असती तर काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. कापडाचा नमुना संग्रहालयात ठेवता येतो. इजिप्तमधील फुस्तात येथे सापडलेले गुजरातच्या छापील कापडांचे शेकडो वर्षांपूर्वीचे तुकडे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. परंतु आंबलेल्या लोखंडाचा वास कोणत्या दिवशी 'झाले' असे सांगतो, ते काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ते एखाद्या जिवंत माणसाच्या नाकातच राहू शकते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. धमडक्यातील घरे आणि छपाईची घरे जमीनदोस्त झाली, माणसे दगावली. सारण नदी तर त्याआधीच आटलेली होती. आता जमिनीखालचे पाणीही बिघडले. त्यात लोखंडाचे प्रमाण वाढले. पिणाऱ्याला कदाचित चवीपुरताच फरक जाणवेल, पण रंगाऱ्याच्या दृष्टीने ही दुसरी आपत्ती होती. पाण्यातील लोखंड हिरड्याशी आणि मंजिष्ठेशी संगनमत करते, लाल रंग मळकट होतो आणि पांढरी रेघ काळवंडते. डब्यातील रंग वापरणाऱ्याने त्यावर काहीतरी तोड काढली असती. अनेक खत्री कुटुंबांनी मात्र भुजच्या पूर्वेला नवी जमीन पाहिली, पाणी तपासून घेतले आणि तिथे गाव वसवले. गावाचे नाव ठेवले अजरखपूर. काही कुटुंबे धमडक्यातच राहिली. राजाच्या किंवा देवाच्या नावाने गावे वसल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. कापडाच्या नावाने वसलेले गाव विरळाच.

रंगासाठी घरदार सोडून दुसरीकडे जाणारी माणसे केवळ 'जुने ते सोने' म्हणून तसे करीत नसतात. त्या कापडाला तोवर गिऱ्हाईक मिळू लागले होते, म्हणून ते शक्य झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९५२ पासून अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या द्वारे हेच तत्त्व धरले होते की कला वाचवायची तर तिच्या मालाला बाजार हवा. (ते मंडळ सरकारने २०२० मध्ये बरखास्त केले, त्यावर व्हावी तेवढी चर्चा झाली नाही.) थोडक्यात, कारागिराला हवे आहे ते दाम; कौतुक त्याला उदंड मिळते.

आणि दामावरच घाला पडतो. अजरखची नक्षी यंत्रावर काही तासांत हजारो मीटर कापडावर उतरवता येते. रेघ जराशी चुकलेली असली की लोकांना ती हाताची वाटते, हे लक्षात आल्यावर यंत्राच्या पडद्यातच ती चूक मुद्दाम घालण्यापर्यंत मजल जाते. नक्कल करणाऱ्याला हिरडा लागत नाही, ऊन लागत नाही, चारशे वर्षेही लागत नाहीत. कच्छच्या अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. पण कायदा आपल्या पायांनी बाजारात हिंडत नाही. चार शहरांतल्या चारशे दुकानांत कोण काय नावाने विकतो, हे पाहायला खत्री कुटुंबाने छपाई सोडून जायचे काय? मानांकनाचे प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेवरच नकली माल शोधण्याची जबाबदारी असली पाहिजे. नाहीतर ते प्रमाणपत्र भिंतीवरच्या चौकटीत शोभून दिसेल, इतकेच.

हातमागाच्या जगातील दामाची स्थिती २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेने दाखवून दिली. देशात सुमारे ३५ लाख माणसे या कामात आहेत, त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया. आणि विणकर कुटुंबांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत. सणासुदीला ज्याच्या विणीचे गोडवे गाइले जातात त्याच्या घरची ही मिळकत आहे.

कापडावरून दागिन्यांकडे वळले तर प्रश्न आणखी तीव्र होतो. सोन्याचा दागिना तराजूत तोलला जातो. त्यात धातूचे मोल मोठे आणि हाताचे मोल 'घडणावळ' या नावाने शेवटी जोडलेले असते. कोल्हापूरची ठुशी असो, हुपरीचे चांदीचे पैंजण असोत किंवा बस्तरचे मेणाच्या साच्यातून ओतलेले पितळी मणी असोत, घडणावळ कमी करा असा आग्रह गिऱ्हाईक निःसंकोच धरते. आणि जिथे सोने-चांदी नसतेच, निव्वळ दगड आणि हात एवढेच असते, तिथे तर तोलायला काहीच उरत नाही. गुजरातेतील खंभातचे अकीक हे त्याचे उदाहरण.

भरूच जिल्ह्यातील रतनपूर परिसरात जमिनीतून अकीकाचे खडे काढतात. उन्हात सुकवून, मडक्यात घालून शेणींच्या धिम्या आचेवर ते भाजतात. त्या आचेत आतले लोह पालटते आणि मळकट खडा लालबुंद होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर खडा टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके उडवीत त्याला आकार देतात. ही कृती फार जुनी आहे. लोथल येथील उत्खननात हडप्पाकालीन मणिकारांची कार्यशाळा सापडली, आणि मेसोपोटेमियातील उर येथील राजघराण्याच्या थडग्यांत सिंधुसंस्कृतीतून गेलेले लाल मणी मिळाले. साडेचार हजार वर्षे टिकलेला धंदा, असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेच आहे.

त्या अभिमानाच्या भाषणात जे येत नाही ते घासाईचे काम. आकार दिलेला मणी सहाणेच्या चाकावर घासून गुळगुळीत करावा लागतो. हाताने फिरणाऱ्या चाकाच्या जागी विजेचे चाक आल्यापासून काम वेगाने होते आणि धूळही त्याच वेगाने उडते. ही धूळ गारगोटीची, डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस नावाचा रोग होतो. फुप्फुसाची झालेली हानी भरून काढील असे औषध त्यावर नाही. खोकला, धाप आणि वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखी असल्यामुळे कित्येकांवर वर्षानुवर्षे क्षयाचेच उपचार होत राहतात. चाक बहुधा घरात किंवा घराच्या अंगणात असते, म्हणून चाकाला कधीही हात न लावलेली बायकामुले आणि शेजारी यांच्याही छातीत ती धूळ जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कारागिरांची तपासणी करून हे फार पूर्वीच दाखवून दिले. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा रोग सरकारला कळवणे बंधनकारक केले. पण तो कायदा होता कारखान्यांसाठी. घरातल्या ओट्यावर तुकड्याच्या हिशेबाने मणी घासणारा माणूस कोणाचा नोकर, हेच जिथे ठरत नाही तिथे रोगाची नोंद कोणी कोणाकडे करायची?

ज्या गळ्यात ती माळ जाते त्याला या गोष्टीचा पत्ता नसतो. माळेसोबत एक सुबक चिठ्ठी येते, तिच्यावर 'हस्तनिर्मित' असे लिहिलेले असते. हाताचा उल्लेख आहे, छातीचा नाही.

म्हणून 'हातांनी केलेले' आणि 'निसर्गातून आलेले' या दोन शब्दांवर गिऱ्हाइकाने भाळून जाऊ नये, हे म्हणणे कारागिराविरुद्ध नाही. ते त्याच्याच बाजूचे आहे. धूळ ओढून घेणारा पंखा आणि नळ, ओल्या पद्धतीची घासाई, कामाची जागा घरापासून वेगळी, या गोष्टी अशक्य कोटीतल्या नाहीत. त्यांना पैसा लागतो. तो पैसा माळेच्या किमतीत धरलेला नसतो, कारण किंमत ठरवताना कारागिराला कोणी विचारत नाही. तयार माळ ज्या भावाने मोठ्या शहरात जाते आणि घासणाऱ्याला दर मण्यामागे जे मिळते, त्यांच्यामधले अंतर हाच खरा प्रश्न आहे. आणि गिऱ्हाइकाने कमी केलेले पन्नास रुपये त्या लांबलचक साखळीत शेवटी कोणाच्या हिश्शातून कापले जातात, हे वेगळे सांगायला नको.

आता कारागिरांची मुले काय करतात ते पाहू जाता चित्र संमिश्र दिसते. पुष्कळजण धंदा सोडून कारखान्याची किंवा वाहन चालवण्याची वाट धरतात. खंभातचा एखादा घासाईवाला मुलाला चाकाजवळ बसू देत नसेल तर तो परंपरेचा द्रोह म्हणता येणार नाही. तो शहाणा बाप आहे. उलट अजरखपुरात अनेक तरुण ठसा हाती धरून बसलेले दिसतात, कारण तिथे मिळकतही आहे आणि मानही. कच्छमध्ये २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय सुरू झाले. त्याचे वर्ग वर्षभरात थोड्या थोड्या दिवसांच्या सत्रांत विभागलेले होते, म्हणजे शिकताना धंदा बुडू नये. रंगसंगती आणि नक्षीबरोबरच बाजार कसा चालतो, हेही तिथे शिकवण्याचा विषय झाले. हातातले काम न सोडता वय उलटल्यावर शिकू पाहणाऱ्या माणसाची अडचण ज्याला कळते, त्यालाच असे वेळापत्रक सुचते. बहुतेक शाळांचे वेळापत्रक अजूनही फक्त रिकाम्या हाताच्या मुलांसाठी आखलेले असते.

बाजार कळणे म्हणजे प्रथम आपला खर्च कळणे. अजरखच्या एका ओढणीचा खर्च मांडायला बसले की कापड, हिरडा, तुरटी, नीळ, मंजिष्ठ, सरपण ही नावे भराभर लिहिली जातात. छापणाऱ्याची मजुरी लिहिली जाते. त्यानंतर लेखणी अडखळते. रंगवण्याआधी आणि रंगवल्यानंतर घरातल्या स्त्रियांनी जी कामे उरकली त्यांचे तास, पावसाने फुकट गेलेले आठ दिवस, डागाळून बाद झालेले दोन ताके, दरवर्षी थोडे अधिक खोलवरून उपसावे लागणारे पाणी, आणि रेघेवर रेघ बसवायला शिकण्यात गेलेली पहिली दहा वर्षे, हे कोणत्या रकान्यात घालायचे, याबद्दल वहीत काही सोय केलेली नसते. प्रदर्शनातले गिऱ्हाईक जो आकडा ऐकून भुवया उंचावते, त्यात यांपैकी बहुतेक गोष्टी धरलेल्याच नसतात.